पावणेसात होऊ दे

"आमच्या शाळेच्या गेटसमोर, सकाळी शाळा भरायच्या वेळेला, तुमच्यापैकी कुणी एक दिवस तरी उभं राहिलंय का?"

विचारलं एकदाचं. आवाज ठणठणीत. ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या थंडगार हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून तो परत आपल्याच कानात शिरला, तेव्हा संचिताला तो चक्क आवडला. मागे वर्गातल्या सान्वीनं सर्वेशच्या पाठीत धपाटा घातलेला ऐकू आला. पैज त्या दोघांची. कल्याणहून बसमधून येतानाच ठरलेलं, की हे मोठमोठे लोक टेबलाभोवती बसून शहर सुधारतायत ना, तर तू त्यांना हा एक प्रश्न विचारून दाखव, नाहीतर वक्तृत्वाचं ते बक्षीस परत कर. आणि संचिता हल्ली मागे हटणाऱ्यातली राहिली नव्हती. दहावीत आल्यापासून, म्हणजे नेमकं सांगायचं तर ऑगस्टमधल्या त्या स्पर्धेपासून, आपल्या गळ्यात आवाज आहे असा तिला शोध लागला होता. नवी सायकल मिळालेली पोरगी कोपऱ्यावरून मीठ आणायलाही सायकलवर जाते, तशी ती तो आवाज कुठेही काढायची. वर्गात, वाण्याकडे, बँकेच्या रांगेत. आणि आता इथे, 'शहरमेळ'च्या बैठकीत, जिथे ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधले निरनिराळ्या धंद्यांतले, खात्यांतले लोक महिन्यातून एका शनिवारी जमायचे आणि तिन्ही शहरांचं एखादं लहानसं काम मिळून तडीला न्यायचं ठरवायचे. आज पहिल्यांदाच शाळाशाळांतून मुलांना बोलावलं होतं, आणि टेबलाशी बसलेल्या नऊ जणांत तिचे बाबा होते. साईनाथ, कल्याणातल्या तिच्या शाळेच्या गेटसमोर ज्यांच्या रिक्षा उभ्या राहतात, त्या शेअर रिक्षा स्टँडचे प्रमुख. खाकी शर्ट कडक इस्त्रीचा. त्यांच्यासमोर पाटी मात्र 'महापालिका' अशी.

कारण या मंचाची रीतच तशी. अध्यक्ष आनंदसर, डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना, त्यांनी सुरुवातीलाच समजावून सांगितलेलं, की पहिला तास इथे कुणी आपल्या पाटीमागे बसत नाही. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, जी पाटी येईल तिच्यामागे बसायचं आणि तासभर त्या माणसाची अडचण आपली म्हणून बोलायची. म्हणजे मग दुसऱ्या तासाला भांडणं निम्मी होतात. आज घोडबंदर रोडचे बिल्डर हर्षित 'शाळा' या पाटीमागे बसून पटांगण लहान पडतं म्हणून कळवळत होते. मुलांच्या डॉक्टर वासंतीबाई 'रिक्षा' झालेल्या. आणि बाबांनी महापालिका होऊन, खांदे पाडून, "फाईल चालू आहे हो, पण माणसं कमी आहेत आमच्याकडे," असं इतक्या झकास मऊ आवाजात म्हटलं होतं, की खऱ्या महापालिकेच्या बाईसुद्धा डोळे पुसत हसल्या. तेव्हा संचितानं सान्वीला कोपर मारून सांगितलं, "ते माझे बाबा." सान्वी म्हणाली, "माहितेय, तिसऱ्यांदा सांगतेस." खरंच तिसऱ्यांदा होतं. शाळेत तिनं हे एकदाही सांगितलं नव्हतं.

तर प्रश्न विचारला, आणि आता टेबलाशी सगळे एकमेकांकडे बघतील, घसे खाकरतील, आनंदसर म्हणतील, छान प्रश्न आहे, इथवर संचितानं बसमध्येच सगळं पाहून ठेवलं होतं. पण टेबलाच्या टोकाला बसलेली एक मुलगी उठली. उंच, चष्मा, पाण्याच्या बाटलीवर दहा स्टिकर्स. माईकही न घेता ती म्हणाली, "आम्ही उभे होतो. सात दिवस. मी आणि साईनाथकाका."

साईनाथकाका. पायरी चुकून पाय हवेत राहावा तसं संचिताला झालं. फार लहान गोष्ट होती, कुणाला दिसलीही नसेल. त्या मुलीचं नाव क्षिप्रा, मंचाची विद्यार्थी-प्रतिनिधी, राहते घोडबंदर रोडला कुठल्याशा तेविसाव्या मजल्यावर. तिच्या शाळेला सुट्टी होती, मावशी कल्याणात रामबागेत राहते, म्हणून आठ-नऊ दिवस ती तिथे येऊन राहिली आणि रोज सकाळी गेटवर मोजणी केली. वीस मिनिटांत किती रिक्षा थांबतात, किती मुलं दोन रिक्षांच्या फटीतून रस्ता ओलांडतात, त्यांतली किती पहिली-दुसरीतली. सगळं वहीत. ती वाचत होती, लोक माना डोलावत होते आणि बाबा, महापालिकेच्या पाटीमागून, तिच्याकडे बघत होते. संचिताला ती नजर ओळखीची होती. ऑगस्टमध्ये बक्षीस घेऊन घरी आली तेव्हा तिला मिळालेली, तीच. तिला वाटत होतं की ती एकच असते, घरातल्या चांदीच्या वाटीसारखी, आणि ती आपल्या कपाटात आहे. आणि शाळा कुणाची? माझी. गेट कुणाचं? माझं. बाबा कुणाचे? सात सकाळी ही बाई माझ्या गेटवर माझ्या बाबांसोबत उभी होती, आणि मला, त्याच घरात झोपणाऱ्या, त्याच डब्यातली चपातीभाजी खाणाऱ्या मला, पत्ताच नाही.

माईक अजून हातातच होता. पैज तर संपलेली. तरी तिनं तो पुन्हा तोंडाशी नेला, आणि या वेळी विचारलं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. "मग एवढं मोजून रिक्षा अजून तिथेच कशा?"

वासंतीबाईंनी आपल्यासमोरची 'रिक्षा' ही पाटी दचकून पाहिली, जणू ती आत्ताच कुणी ठेवली. त्या म्हणाल्या, आम्ही, म्हणजे आम्ही रिक्षावाले, विचार करतोय, पुढे पाण्याच्या टाकीच्या भिंतीशी जागा आहे पण तिथे पॅसेंजर येत नाही, आणि मग चष्मा पुसायला लागल्या. तेव्हा बाबा उठले. उठताना त्यांनी महापालिकेची पाटी हळूच आडवी केली. "सोमवारपासून नसतील," ते म्हणाले. "मी शब्द देतो." आनंदसर हसून म्हणाले, "साईनाथराव, तास संपायचाय अजून, तुम्ही आत्ता महापालिका आहात." सगळा हॉल हसला, मग टाळ्या पडल्या. क्षिप्राच्या सगळ्यांत जोरात. बाबा खाली बसले आणि त्यांचे कान लाल झालेले संचितानं पाहिले. नवीन माणसाशी बोलताना, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात, त्यांचे कान असेच लाल होत. पण इथे ते नवीन नव्हते. मग तिच्या ध्यानात आलं की इथे नवीन तीच होती.

बैठकीनंतर चहा, वडे, फोटो. सान्वी आणि सर्वेश शाळेच्या बसनं गेले, जाताना सर्वेश म्हणाला, "दुसरा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा होता रे बाबा." संचिता बाबांच्या रिक्षात बसली. आणि बसते न बसते तोच शेजारी क्षिप्रा. काका मला माजिवड्याला सोडतात नेहमी, असं म्हणत ती आत आली, तीही अशी, की डावीकडचा दांडा ढिला आहे हे माहीत असल्यासारखी उजवीकडचा धरून. कुणाला माहीत असतो तो ढिला दांडा? तीन हात नाक्यापासून गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या, संध्याकाळचं पिवळं ऊन सरळ डोळ्यांत, समोर बाबांची मान, तिच्यावरची ती खोलगट रेघ, आणि क्षिप्रा बोलत होती. वाईट काही बोलत नव्हती, तोच तर ताप होता. वाईट असती तर किती बरं झालं असतं. तुझे दोन्ही प्रश्न एकदम करेक्ट होते म्हणाली, मला सुचलाच नसता तो दुसरा. मला रेकॉर्डिंग पाठवशील का स्पर्धेचं म्हणाली, काकांनी मला त्यातली चार वाक्यं पाठ म्हणून दाखवली. संचिता बाहेर बघत "हं" म्हणाली. इतक्यात बाबांनी न बघताच हात मागे केला, तळव्यावर आलेपाकाची वडी. क्षिप्रानं तीही तशीच, न बघता उचलली. असं होतं त्यांचं. वडी, हात, वडी. गाडीच्या गेअरसारखं लागलेलं. मग हात पुन्हा मागे आला, दुसरी वडी. "नको," संचिता म्हणाली. "घसा बसलाय तुझा," बाबा म्हणाले. "नाही बसलाय." हात थोडा वेळ तसाच राहिला, आणि सिग्नल सुटला म्हणून पुढे गेला.

आलेपाक तर तिचा होता. चौथीत असताना खोकला झालेला तेव्हापासून बाबा हॅण्डलखालच्या कप्प्यात डबी ठेवायचे, आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की ती पुढे, त्यांच्या सीटच्या कडेला, पोलीस दिसला की खाली वाकून बसायची. वाडेघरच्या बाजूला, दुर्गाडीच्या पुलावर, खाडीचा खारा, कुबट वारा तोंडावर घेत. ती डबी एवढे दिवस तिथेच असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिनं शेवटची वडी कधी घेतली? आठवेना. एखादी वस्तू आपण सोडून दिली की ती तिथेच थांबते, धूळ खात, आपली म्हणून, असं आपण समजतो. कुणीतरी येऊन तिच्यावर हात ठेवला की लगेच जीव जातो.

"तुला सांगू, पहिल्या दिवशी मी वैतागलेले," क्षिप्रा म्हणाली. चघळताना तिचा गाल फुगला होता. "मला वाटलेलं, लवकर जाऊन गेटसमोरची जागा धरावी. सहा-पस्तीसला आम्ही पोचायचो. पण काका चहाच्या टपरीमागे रिक्षा लावून नुसते बसायचे. उतरूच द्यायचे नाहीत. म्हणायचे, पावणेसात होऊ दे. मी विचारलं, कुणाची वाट बघताय? तर म्हणाले, जरा आत जाऊ दे सगळ्यांना. आता सगळे तर पावणेसातनंतर येतात. पण रोज, हां, अगदी सातही दिवस. पावणेसातच्या आधी नाही."

माजिवडा आला. क्षिप्रा उतरली, पाठीवरची सॅक सावरली, बाबांना म्हणाली, काही लागलं तर फोन करा, वही माझ्याकडे आहे. उंच उंच इमारतींच्या दिशेनं ती चालत गेली, तिचं चालणंही सरळ रेघेसारखं होतं. संचिता सीटवर जागची हलली नाही.

दहावीचा जादा तास पावणेसातला सुरू होतो. सहा-चाळीसला ती गेटमधून आत जाते. हे जगात कुणाला माहीत असायचं कारण नाही, एक आई सोडून, आणि एक बाबा.

खारेगावच्या पुढे हायवेवर वारा सुटला, ट्रकांची धूळ, रिक्षाच्या टपाचं फडफडणं. त्या फडफडीत तिला सातवीतली ती सकाळ ऐकू आली. त्या दिवशी ती डबा रिक्षातच विसरून गेटमधून आत गेलेली, आणि बाबा रिक्षा तशीच रस्त्यात सोडून, डबा वर धरून, पळत आले. "बाय, गो बाय, डबा," असं संगमेश्वरच्या हेलात ओरडत. मागून हॉर्न वाजत होते. वर्गातल्या दोघी-तिघी हसल्या. वाईट हसल्या असंही नाही, तिनंच ते तसं ऐकलं. संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्यापासून मला टपरीपाशीच सोडा. गेटसमोर गर्दी होते." बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. पुढच्या आठवड्यापासून ती चालतच जायला लागली, आणि तेही म्हणाले, बरं. गर्दी होते, हे कारण तिनं स्वतःच्या डोक्यानं शोधलं होतं तेव्हा, आणि तिला ते फार हुशारीचं वाटलं होतं. आज साठ माणसांसमोर त्याच गर्दीबद्दल तिनं त्यांना जाब विचारला. आणि सात सकाळी ते टपरीमागे बसून होते, शर्टाची कॉलर सरळ करत असतील, तिची पाठ गेटमधून आत जाईपर्यंत. तिला दिसू नये म्हणून. आणि ते सगळं बघायला शेजारी कोण? ती. माझी लाज माझ्या घरात होती तोवर ठीक होतं, ती लाजसुद्धा क्षिप्रानं शेजारी बसून पाहिली, सात दिवस, आणि तिला कळलंही नाही ती काय बघत होती. यात क्षिप्राची चूक काय? काहीच नाही. हे कळत होतं आणि त्यानं राग तसूभरही कमी होत नव्हता, उलट वाढत होता, कारण आता तो ठेवायला जागाच उरली नव्हती.

पुढच्या दांड्याला अडकवलेला फोन राजनोलीपासून टुणटुण करत होता. बाबा बघत नव्हते. संचिताला मागून वाचता येत होतं. स्टँडचा ग्रुप. नौपाड्यातल्या टाळ्या कल्याणात पोचल्या होत्या. कुणीतरी फोटो टाकलेला, बाबा उभे, हात उंच. त्याखाली ऋतुराज, स्टँडवरचा सगळ्यांत तरणा आणि तोंडाचा तिखट, 'साहेब, सोमवारी आम्ही उभं कुठं राहायचं, दुर्गाडी पुलावर का?' मग अंगठे, हसरे चेहरे. मग, 'एसीत बसून शब्द देतात आमचा.' मग म्हातारे महिपतमामा, जे कधी काही लिहीत नाहीत, त्यांचं एकच वाक्य, 'साईनाथ, विचारायला पाहिजे होतंस रे.' उद्या रविवारी दहा वाजता स्टँडवर मीटिंग. प्रमुख बदलायचा का, हा विषय. बाबांनी वाचलं नसेल असं तिला वाटलं. मग कोनगावच्या सिग्नलला थांबल्यावर त्यांनी फोन उपडा करून ठेवला, तेव्हा कळलं, वाचलंय. टाकीच्या भिंतीपर्यंत फार तर पन्नास पावलं. पण पन्नास पावलांत सकाळचा पॅसेंजर दुसऱ्या स्टँडची रिक्षा पकडतो, हे बाबांना बिल्डरपेक्षा, डॉक्टरपेक्षा, क्षिप्राच्या वहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. ते तीन महिने एकेका ड्रायव्हरशी चहा पीत, गोडीनं बोलत, हा विषय पिकवत होते. अजून दोन महिन्यांत झालंही असतं. कच्चं तोडलं ते तिनं. माईक हातात होता म्हणून, आणि आपल्या वाटणीची नजर दुसऱ्या कुणाकडे वळलेली पाहिली म्हणून. तिला विचारावंसं वाटलं, का उठलात तुम्ही, पाटी दुसऱ्याची होती, गप्प बसायचं होतंत ना. पण उत्तर तिला माहीत होतं. प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर ते गप्पच बसले असते.

बेतुरकर पाड्यातल्या खोलीत आई, रचना, शिलाई मशीनवरून उठून ताटं वाढत होती. तिलाही बातमी पोचलेली, शेजारच्या ठमाबाईंचा जावई त्याच स्टँडवर. संचितानं हातपाय धुतले, पाट घेतला. आमटी वाफाळत होती, सुक्या जवळ्याचा वास सगळ्या खोलीभर, आणि आईचं बोलणं त्या वासासारखंच, थांबत नव्हतं. आठ वर्षं, ती म्हणत होती, आठ वर्षं तुम्ही तो स्टँड सांभाळलात. ऊन म्हणाला नाहीत, आजारपण म्हणाला नाहीत. कुणाचं भांडण मिटव, कुणाचं लायसन्स काढून दे. आणि आज त्या मोठ्या लोकांत एका पोरीनं काय विचारलं नि तुम्ही ते सगळं उधळून आलात.

"कोण ती?" आईनं विचारलं. "ती घोडबंदरचीच ना? ठमाबाई सांगत होत्या ती क्षिप्राच असणार. तिचं काय जातंय."

बाबांनी भात कालवला. "होती एक मुलगी," ते म्हणाले. संचिताकडे त्यांनी पाहिलंही नाही.

एक क्षण सगळं किती सोपं होतं. आई चिडलेली क्षिप्रावर. बाबा गप्प, आणि ते गप्पच राहणार, त्यांच्या 'बरं' सारखं. घासामागून घास गिळायचा, दप्तर भरायचं. क्षिप्राला कधी कळणारही नाही, तेविसाव्या मजल्यावर तिला उचकीसुद्धा लागायची नाही. संचिताच्या जिभेवर ती सोय अगदी आमटीतल्या कोकमासारखी आंबटगोड विरघळत होती. आणि त्याच जिभेखालून काहीतरी उसळून वर आलं. चांगुलपणा असता तर तिनंही त्याला चांगुलपणा म्हटलं असतं, पण तिला स्वतःची ओळख आता पटत चालली होती. सात सकाळी तिच्या. आलेपाक तिचा. ढिला दांडा तिला माहीत. आता मी केलेली चूकही तिच्याच नावावर? बाबा जिच्यासाठी भर हॉलमध्ये पाटी आडवी करून उठले, ती मुलगीही क्षिप्राच?

"प्रश्न माझा होता," ती म्हणाली. "दोन्ही माझे होते."

आईच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. आईनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी ताटाकडे.

"आणि उद्या स्टँडवरच्या मीटिंगला मी येणार आहे," संचिता म्हणाली. आवाज तिनं काढला नव्हता, तो आपणहून आला, हॉलमधल्यापेक्षा बराच खालचा. "मीच सांगणार त्यांना. मी कुणाची मुलगी आहे ते, आणि तुम्हाला मी अडकवलं ते. आणि सातवीत मी गेटच्या अलीकडे का उतरायला लागले, तेपण सांगणार."

"तिथे तीस गडीमाणसं असतात, संचे," आई म्हणाली. "बायामाणसं जात नाहीत त्यात."

"मी ठरवलंय, आई."

बाबांनी ताटातला भात गोळा केला. त्यांचे कान लाल झाले होते. मग ते म्हणाले, "ऋतुराज फटकळ आहे, बाय. तोंडावर बोलेल."

"बोलू दे. मीपण बोलेन."

"क्षिप्राला बोलवायला लागेल गो," बाबा जरा चाचरत म्हणाले. "आकडे तिच्या वहीत आहेत."

संचितानं तोंडातला घास नीट चावला, गिळला, वर पाणी प्यायली.

"बोलवा," ती म्हणाली. "पण आधी मी बोलणार. आणि तुमच्या शेजारी मी बसणार, ती नाही."